‘अंगी लागणे’ : मेहनत, खुराक आणि देहबल

भिवंडी तालुक्यातील दापोडे हे गाव आज गोदामांचे गाव म्हणून ओळखले जाते. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, माणकोली, अंजूर ह्या आसपासच्या गावांप्रमाणेच येथेही पूर्वी भातखाचरे होती. गेल्या काही दशकांत त्या जागी गोदामांच्या लांबच लांब रांगा उभ्या राहिल्या. मालमोटारींतून माल उतरविणे, तो आत नेऊन थप्पी लावणे आणि मागणी येताच पुन्हा गाडीत चढविणे, हे काम करणारे शेकडो तरुण ह्या पट्ट्यात दिसतात. काही ठिकाणी यंत्रे आली आहेत; तथापि पाठ, खांदा आणि माथा ह्यांचे काम संपलेले नाही.

ओझे वाहण्याच्या क्रियेशी संबंधित शब्द टिपून घेण्याच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाचे ह्या भागात जाणे झाले. बोलता बोलता एका तरुण हमालाने म्हटले की, दिवसभर मेहनत करतो, रात्री जिमला जातो, पगारातून डबा घेऊन पावडरही खातो. पण अंगाला काही लागत नाही. शब्दसंग्राहकाच्या वहीत ह्या वाक्याची नोंद एका वाक्प्रचाराचे उदाहरण म्हणून झाली. परंतु त्यातील तक्रार खरी होती आणि तिचे उत्तर देणे आवश्यक होते. दिवसाकाठी कित्येक टन वजन उचलणाऱ्या माणसाचे स्नायू भरत नाहीत आणि तासभर व्यायाम करणाऱ्याचे भरतात, हे कसे? ह्या प्रश्नाचा उलगडा शब्दांच्या आणि शरीरशास्त्राच्या आधारे करण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

१. एक शब्द, दोन व्यवहार

‘मेहनत’ हा शब्द मूळचा अरबी. फारसीच्या द्वारे तो मराठीत आला. कसोटी, संकट, हालअपेष्टा हा त्याचा मूळ अर्थ. मराठीत ह्या शब्दाने दोन निरनिराळ्या जागी वस्ती केली. तालमीत ‘मेहनत’ म्हणजे जोर, बैठका, मुद्गल आणि लढतीचा सराव. ‘सकाळची मेहनत झाली’ असे पैलवान म्हणतो तेव्हा त्याला हेच अभिप्रेत असते. बाजारात मात्र ‘मेहनत’ म्हणजे पोटासाठी केलेले कष्ट, आणि ‘मेहनताना’ म्हणजे त्यांचा मोबदला. भाषेने दोन्ही व्यवहारांना एकच नाव दिले. त्यामुळे त्यांचे फळही एकच असावे, असा समज सहज होतो.

संस्कृत परंपरेने येथे भेद केला आहे. ‘व्यायाम’ हा शब्द ‘यम्’ ह्या धातूपासून, ‘वि’ आणि ‘आ’ हे उपसर्ग लागून सिद्ध झाला आहे. आवरणे, नियमन करणे आणि ताणणे ह्या अर्थच्छटा त्या धातूत आहेत. संयम, नियम, प्राणायाम हे त्याच कुळातील शब्द होत. चरकसंहितेत व्यायामाची जी व्याख्या आहे तिचा आशय असा की, शरीराला स्थैर्य व बल देणारी, इष्ट असलेली हालचाल म्हणजे व्यायाम. आणि ती मात्रेनेच करावी. त्याच ठिकाणी मात्रेबाहेर केलेल्या व्यायामाचे दुष्परिणाम सांगितले असून त्यांत ‘श्रम’ आणि ‘क्षय’ ह्यांचा समावेश आहे. म्हणजे चरकाच्या लेखी श्रम हा व्यायामाचा पर्याय नव्हे, तर त्याच्या अतिरेकाचा परिणाम आहे. आपण ‘शारीरिक श्रम’ आणि ‘शारीरिक व्यायाम’ हे शब्द शेजारी शेजारी वापरतो, तेव्हा हा भेद विसरतो.

तालमीच्या परिभाषेचा संसार मिश्र आहे. ‘आखाडा’ संस्कृत ‘अक्षवाट’ ह्यावरून आला. ‘तालीम’ हा शिक्षण ह्या अर्थाचा अरबी शब्द. ‘वस्ताद’, ‘पैलवान’, ‘खुराक’ आणि ‘जोर’ हे फारसीतून आले. ह्यांपैकी ‘जोर’ विशेष लक्षणीय आहे. त्याचा अर्थ बळ. मराठीने तोच शब्द हातांवर देह तोलून करावयाच्या व्यायामालाही लावला. ज्या क्रियेने बळ येते तिलाच बळाचे नाव मिळाले. हमालीला असे नाव मिळाले नाही, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

२. स्नायू म्हणजे काय

दंड आवळला असता वर येणाऱ्या गोळ्याला आपण ‘बेटकुळी’ म्हणतो. काही ठिकाणी ‘बेडकी’ असेही म्हणतात आणि त्या रूपात बेडूक उघड दिसतो. लॅटिन भाषेत स्नायूला ‘लहान उंदीर’ म्हटले गेले आणि त्याच शब्दावरून युरोपातील अनेक भाषांतील स्नायुवाचक शब्द निघाले. कातडीखाली काही जिवंत प्राणी हलत असल्याचा भास दोन्ही समाजांना झाला, ही मौजेची गोष्ट आहे. ‘स्नायू’ हा शब्दही स्थिर राहिलेला नाही. आयुर्वेदात ‘पेशी’ म्हणजे मांसाचा स्नायू आणि ‘स्नायु’ म्हणजे बांधून ठेवणारा दोरासारखा भाग. सुश्रुताने पेशी ५०० आणि स्नायू ९०० मोजले आहेत. बंगालीत ‘स्नायु’ म्हणजे मज्जातंतू. मराठीत मात्र तो मांसपेशीचा वाचक झाला आहे आणि येथे तो त्याच अर्थाने वापरला आहे.

स्नायू हा सूक्ष्म तंतूंचा जुडगा असतो. प्रत्येक तंतूत अ‍ॅक्टिन आणि मायोसिन ह्या दोन प्रथिनांचे धागे असतात. ते एकमेकांवरून सरकतात आणि स्नायू आखडतो. हा सिद्धान्त १९५४ साली मांडला गेला. प्रौढ माणसात तंतूंची संख्या फारशी वाढत नाही. वाढते ती त्यांची जाडी. व्यायामाने तंतूवर पुरेसा ताण आला की त्यातील प्रथिनांची बांधणी वेगाने होऊ लागते आणि हा वेग पुढे साधारणतः एक ते दोन दिवस चढा राहतो. तंतूला चिकटून असलेल्या ज्या पेशी ह्या डागडुजीस हातभार लावतात त्यांचा शोध १९६१ साली लागला. शरीरात प्रथिनांची मोडही सतत चालू असते. बांधणी मोडीपेक्षा अधिक झाली तर स्नायू भरतो, मोड अधिक झाली तर तो झडतो. ‘अंगी लागणे’ ह्या वाक्प्रचाराचा शास्त्रीय अर्थ एवढाच आहे की, जमेची बाजू खर्चाच्या बाजूपेक्षा मोठी झाली.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बळ वाढते, पण दंडाचा घेर जवळजवळ तेवढाच राहतो. ह्या काळातील वाढ मुख्यतः मज्जासंस्थेच्या शिक्षणामुळे होते. असलेल्या तंतूंपैकी अधिक तंतूंना एकदम कामास लावणे ती शिकते. ‘तालीम’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ शिक्षण असल्याचे वर सांगितले आहे; तो येथे अक्षरशः लागू पडतो.

३. ओझे उचलूनही वाढ का होत नाही

इ. स. पूर्व सहाव्या शतकातील ग्रीक मल्ल मायलो ह्याची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. तो एक वासरू रोज उचलीत असे. वासरू वाढत गेले तसे त्याचे बळही वाढत गेले. कथा खरी असो वा नसो, तिच्यातील तत्त्व खरे आहे. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करताना टॉमस डीलॉर्म ह्या अमेरिकन सैनिकी डॉक्टराने हेच तत्त्व पद्धतशीरपणे वापरले आणि १९४५ साली ते प्रसिद्ध केले : रोगी बळावत जाईल तसे वजन वाढवीत न्यावे.

आपल्या तालमींनीही हे जाणले होते. नवख्याला थोडे जोर, मग हळूहळू अधिक, असा क्रम वस्ताद लावून देत असे. स्वतःच्या देहाचे वजन जेथे अपुरे पडू लागते तेथे मुद्गल, करेला, नाल अशी जड साधने किंवा जोडीदाराचा भार येत असे. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार ह्यांच्या संपादकत्वाखाली १९३६ ते १९४९ ह्या काळात निघालेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’च्या दहा खंडांनी ह्या सर्व पद्धती मराठीत एकत्र केल्या. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने, १९१४ पासून, त्या शाळा-महाविद्यालयांच्या वयाच्या मुलांपर्यंत नेल्या.

आता गोदामाकडे पाहू. समजा, एका माणसाने दिवसात ५० किलोच्या २०० गोण्या हलविल्या. एकूण वजन १०,००० किलो झाले. व्यायामशाळेत २० किलोचे वजन दहा वेळा, अशा तीन फेऱ्या, आणि असे पाच प्रकार केले तर एकूण वजन होते ३,००० किलो. तरीही स्नायूंची वाढ दुसऱ्याच्या बाजूने झुकते. ह्याची कारणे चार आहेत.

पहिले कारण असे की, गोणी वाढत नाही. ती पहिल्या दिवशी ५० किलोची असते आणि दहा वर्षांनीही तेवढीच. पहिल्या काही महिन्यांत शरीर तिच्याशी जुळवून घेते आणि मग वाढीचे निमित्तच उरत नाही. नव्या हमालाचे अंग आरंभी भरते आणि पुढे थांबते, ते ह्यामुळे. दुसरे, ओझे तासन्‌तास वाहायचे असल्याने माणूस आपली शक्ती राखून वापरतो. कोणताही एक स्नायू थकव्याच्या सीमेपर्यंत जात नाही, पण सगळा देह दिवसअखेर थकून जातो. वजन हलके असो वा जड, फेरी जवळजवळ थकव्यापर्यंत नेली तर स्नायूची वाढ सारखीच होते, असे अलीकडच्या प्रयोगांत दिसून आले आहे. शक्ती राखून केलेल्या कामात नेमके हेच घडत नाही. तिसरे, हमालीत पाठ, मान आणि पोटऱ्या बराच वेळ एकाच स्थितीत ताठ राहतात. छाती आणि दंडाची मागील बाजू ह्यांना पुरेसा आवाका मिळत नाही. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण विश्रांतीचे. बांधणीला लागणारे एक-दोन दिवस पुरे होण्याच्या आतच दुसऱ्या दिवशीची गाडी दाराशी उभी असते.

कामातील कष्ट आणि फावल्या वेळातील व्यायाम ह्यांचे आरोग्यावरील परिणाम भिन्न असतात, ह्याकडे डेन्मार्कमधील संशोधकांनी विशेष लक्ष वेधले आहे. अनेक पाहण्यांचे एकत्रीकरण करून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात, अतिकष्टाची कामे करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळले. ह्यात दारिद्र्य, तंबाखू इत्यादींचा वाटा किती, ह्याविषयी मतभेद आहेत. परंतु कष्ट आपोआप व्यायाम ठरत नाहीत, एवढे म्हणण्यास हरकत नाही. व्यायामात वजन, वेग आणि थांबण्याची वेळ करणारा ठरवितो. हमालीत ती गाडी ठरविते. ‘यम्’ म्हणजे नियमन. ते ज्याच्या हाती नाही त्याच्या कष्टांना ‘व्यायाम’ म्हणता येत नाही.

४. खुराक

वाग्भटाने व्यायामाला दोन अटी घातल्या आहेत : करणारा बलवान असावा आणि त्याचा आहार स्निग्ध असावा. अशानेही थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीपर्यंतच व्यायाम करावा, इतर काळी त्याहून कमी. अर्धी शक्ती कशी ओळखावी? तोंडाने श्वास घ्यावा लागणे, कपाळ व काखा घामाने भिजणे ही तिची खूण सांगितली जाते. थकव्यापर्यंत फेरी नेण्याच्या आधुनिक मताशी ह्याचा विरोध वाटेल. परंतु एक मर्यादा एका स्नायूच्या एका फेरीची आहे, दुसरी साऱ्या देहाच्या दिवसाची. मुख्य मुद्दा हा की, आहाराची सोय नसेल तर व्यायामाची मात्रा कमी करावी, हे आपल्या परंपरेने स्पष्ट केले आहे.

पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई आणि काही ठिकाणी मटण व अंडी. तुपात प्रथिन नसते. त्यातून मिळते ती ऊर्जा. आज प्रथिनाचा गवगवा इतका झाला आहे की ऊर्जेकडे दुर्लक्ष होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,११० किलोकॅलरी लागतात. अतिकष्टाचे काम करणाऱ्याला ३,४७०. हा फरक साधारणतः ४०० ग्रॅम कोरड्या तांदळाइतका आहे. तेवढे अधिक अन्न पोटात गेले नाही तर शरीर खाल्लेले प्रथिनही सरपणासारखे जाळते. दापोड्याच्या त्या तरुणाची पावडर कोठे जात होती, ह्याचे उत्तर बहुधा येथे आहे. सकाळी चहा-पाव, दुपारी घाईचा डबा, आणि रात्री कष्टांवर पुन्हा व्यायाम. अशा दिवसाला पावडर पुरी पडत नाही.

‘प्रोटीन’ हे नाव १८३८ साली ‘प्रथम’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ठेवले गेले. मराठी ‘प्रथिन’ शब्दातही ‘प्रथम’ ऐकू येतो. पण ते पहिले असले तरी एकटे नव्हे. सामान्य प्रौढाला देहाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरते. व्यायामाने स्नायू वाढविणाऱ्यांच्या ४९ प्रयोगांचा २०१८ साली एकत्र विचार झाला. त्यांत दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे अधिक लाभ दिसला नाही. स्नायूंच्या वाढीत मुख्य वाटा व्यायामाचा होता, पुरवणीच्या प्रथिनाचा वाटा लहान होता, हेही त्यातून दिसले. ६० किलोच्या माणसाला ही वरची मर्यादा ९६ ग्रॅम होते.

ती घरच्या अन्नातून कशी गाठावी? ४०० ग्रॅम तांदूळ व पीठ ह्यांतून सुमारे ३० ग्रॅम, १०० ग्रॅम डाळीतून २२, दोन अंड्यांतून १२, अर्धा लिटर दुधातून १६ आणि ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १२ : एकूण ९२. आगरी-कोळी घरांतील सुका बोंबील ह्या दृष्टीने फार संपन्न आहे. १०० ग्रॅममध्ये सुमारे ६० ग्रॅम प्रथिन असते. मात्र त्यातील मिठाचे भान ठेवले पाहिजे. तांदळात जे एक आवश्यक द्रव्य कमी असते ते डाळीत भरपूर असते, आणि डाळीत जे कमी ते तांदळात असते. म्हणून वरण-भात हा केवळ रूढीचा जोड नव्हे. डब्यातील पावडर म्हणजे बहुधा नासलेल्या दुधाच्या पाण्यातील प्रथिन. ते वाईट नव्हे, पण त्यात असे काही नाही की जे दूध-अंड्यांत नाही. लवकर अंग भरावे म्हणून कोणी गोळ्या वा सुया देऊ लागला तर त्या मुळीच घेऊ नयेत. पुरुष-संप्रेरकाच्या जातीची ही औषधे हृदय, यकृत आणि प्रजननशक्ती ह्यांना अपाय करतात.

५. काय करावे

ज्याचा दिवस ओझ्यात जातो त्याने रोज रात्री व्यायाम करणे हितावह नाही. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, शक्यतो सुट्टीचा दिवस धरून, अर्धा-पाऊण तास पुरेसा आहे. कामात जे स्नायू वापरले जात नाहीत त्यांना अग्रक्रम द्यावा : छाती व दंडासाठी जोर, पाठीच्या वरच्या भागासाठी आडव्या दांडीला लोंबकळून देह वर ओढणे, आणि पूर्ण आवाक्याच्या सावकाश बैठका. प्रत्येक फेरी आणखी एक-दोनच आवर्तने होतील इतकी न्यावी. संख्या सहज होऊ लागली की ती वाढवावी किंवा प्रकार अवघड करावा. कंबर किंवा गुडघा दुखत असेल तर प्रथम डॉक्टरास दाखवावे. सकाळी कामावर जाण्यापूर्वी पोटभर भाकरी व त्याबरोबर डाळ, अंडे किंवा दूध घ्यावे. सात-आठ तास झोपावे. पावडरीचे पैसे प्रथम डाळ, अंडी, दूध आणि शेंगदाणे ह्यांवर खर्च करावेत.

हे सर्व सांगितल्यावरही एक गोष्ट उरते. तालमीच्या व्यवस्थेत खुराकाची चिंता एकट्या पैलवानाची नव्हती. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने मल्लविद्या वाढली. खासबागेचे मैदान १९१२ साली उभे राहिले. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला जाऊन कांस्यपदक घेऊन आले, तेव्हाही त्यांच्यामागे गावकऱ्यांची वर्गणी होती. मेहनत ज्याची, खुराक समाजाचा, असा हा अलिखित करार होता. गोदामातील मेहनतीबाबत असा करार अपुराच आहे. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एका पुरुषाने वाहावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सुचविली. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला आणि माथ्यावर ओझे वाहणाऱ्यास त्याच्याच नावाचा कायदा मिळाला. तरीही कंत्राटी पद्धतीने काम करणाऱ्या अनेकांच्या वाट्याला विश्रांती आणि वेळचे जेवण आजही येत नाही.

त्या तरुणाच्या तक्रारीचे उत्तर म्हणून इतकेच सांगता येईल की, दोष त्याच्या अंगाचा नाही. त्याची मेहनत कमी नाही. तिच्यात वाढीचा क्रम, विश्रांती आणि पुरेसे अन्न ह्या तीन गोष्टी कमी आहेत. त्यांपैकी पहिली त्याच्या हाती आहे. उरलेल्या दोन काही अंशी त्याच्या आणि बऱ्याच अंशी त्याला कामावर ठेवणाऱ्यांच्या हाती आहेत. दापोड्यात ‘मेहनत’ हा शब्द मोलासाठी वापरला जातो, तालमीत बळासाठी. एकाच माणसाच्या आयुष्यात हे दोन्ही अर्थ एकत्र यावयाचे असतील, तर त्याच्या मेहनतान्यात खुराकाचा आणि विश्रांतीचा हिशेब धरला गेला पाहिजे.